कुंताबाईच्या खुणेची डबकी

यादोराव कापगतेच्या रागाचं चिचटोल्यात कोणालाच नवल राहिलं नव्हतं. चहात साखर कमी पडली की राग, जास्त पडली तरी राग. गावतलावाचं पाणी उशिरा सुटलं तर पाटकऱ्यावर राग, वेळेवर सुटलं तर 'मागल्या साली काय झालं होतं तुले' म्हणून पुन्हा त्याच पाटकऱ्यावर राग. आणि माणूस वाईट म्हणावा तर तेही नाही. हायवेवर कोणाची मोटारसायकल बंद पडलेली दिसली की हा ट्रक बाजूला लावणार, खाली उतरून गाडी दुरुस्त करून देणार, आणि करता करता त्या बापड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. शेजारची गोदावरीबाई म्हणायची, "यादोरावची मदत घ्याची तं कानात बोळे घालून घ्याची."

कापगते म्हणजे पिढीजात धानकरी. तलावाखाली बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, आषाढात रोवणा, दिवाळीच्या पुढेमागे कापणी. पण यादोरावचं मन चिखलात कधी रमलंच नाही. पोरपणी बापाच्या मागे पऱ्हे, धानाची रोपं, लावायचा तेव्हाही त्याचे डोळे हायवेकडे. एखादा ट्रक हॉर्न देत साकोलीकडे गेला की हातातली पेंडी तशीच राहायची आणि पाठीत बापाचा रट्टा बसायचा. शेवटी तो घरातून निघालाच. आधी क्लीनर झाला, मग ड्रायव्हर, आणि दुसऱ्यांच्या गाड्या रायपूर-कलकत्त्यापर्यंत हाकून झाल्यावर एका मालकाचा जुना सहाचाकी ट्रक त्यानं विकत घेतला. त्याच पंधरवड्यात पोरगा झाला. यादोरावनं साकोलीच्या पेंटरला गाडीपाशी उभं केलं आणि काचेच्या वरच्या पट्टीवर, गाडीच्या ऐन कपाळावर, पिवळ्याजर्द अक्षरांत लिहून घेतलं : चंद्रकुमार.

तेव्हापासून पोरगा आणि गाडी बरोबरीनं वाढले. पोरगा आयटीआयला जाऊन डिझेल मेकॅनिकचं शिकून आला, बापाशेजारी बसून गाडी शिकला, आणि बापाचे गुडघे कुरकुरायला लागले तसं स्टिअरिंग त्याच्या हातात आलं. म्हणजे स्टिअरिंग फक्त. बाकी गाडी यादोरावचीच. हवा किती भरायची, ताडपत्री कशी बांधायची, डिझेल कुठे टाकायचं, सगळं यादोराव सांगणार आणि चंदू ऐकणार. चंदूचं लग्न झालं, रीना घरात आली, तरी त्यात फरक पडला नाही. घरात यादोराव विचारायचा नाही, सांगायचा.

भांडण पेटलं ते ऑईलवरून.

दसऱ्याला गाडीची पूजा, आणि पूजेच्या आधी ऑईल बदलायचं, हा या घरचा रिवाज. किलोमीटर किती झाले ते कोणी पाहायचं नाही. बैलाला पोळ्याला न्हाऊ घालतात, तसं गाडीला दसऱ्याला नवं ऑईल. यादोराव दरवेळी पिवळी डबकी, म्हणजे प्लास्टिकचा कॅन, आणायचा, साध्या ऑईलची. यावेळी चंदूनं लाल आणली.

"हे काय उचलून आणलं?" यादोरावनं आंगणातूनच आवाज चढवला.

"सिंथेटिक हाये, बाबा."

"मी तुले सिंथेटिक सांगतलं होतं काय?"

"नाही सांगतलं. पण आयका तं. थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी सुरू केली का जाडं ऑईल वर चढाले टाइम लागते. तवर इंजिन कोरडंच घासते. हे पातळ हाये, झटकन चढते. आन टिकतेबी जास्त."

"पातळ हाये म्हणूनच तं बोंबलून राहिलो! इंजिन म्हातारं झालं, सील म्हातारे झाले. पातळ ऑईल थेंब थेंब गळून जाईन अन् तुले पत्ताबी लागणार नाही. म्हाताऱ्या माणसाले कोणी कोल्ड्रिंक पाजते काय बे? त्याले पेज लागते, पेज!"

"गाडी का माणूस हाये?"

"माह्यासाठी हाये!"

आता बोला! हा वाद एका दिवसाचा असता तर पूजेच्या नारळाबरोबर फुटून गेला असता. पण यादोराव तो जेवताना काढायचा, झोपताना काढायचा, तेरवीच्या पंगतीत शेजारी बसलेल्या परक्या माणसापुढेही काढायचा. चंदूही बापाचाच. तोंडानं कमी बोलायचा, पण लाल डबकी त्यानं गाडीत ओतली ती ओतलीच.

साकोलीजवळ हायवेला तुलारामचं गॅरेज होतं. या गाडीचा प्रत्येक नटबोल्ट त्याच्या हाताखालून गेलेला. बापलेकांनी त्याच्यापुढे कज्जा नेला तेव्हा तो हात पुसत म्हणाला, "दोघाईचं खरं हाये गा. तुमी म्हणता तेबी होते आन पोरगं म्हणते तेबी होते. लाल टाका नाही तं पिवळं टाका, पण असली टाका. आन डबकी खाली झाली का तिले पेचकसानं भोक पाडत जा. चांगली डबकी मोकळी सोडू नका, बाजारात चोर लय हाये."

"भोक?" यादोराव उसळला. "चांगल्या डबकीले भोक पाडू? डोस्कं ठिकाण्यावर हाये ना तुहं?"

तुलारामचं डोकं ठिकाणावर होतं, पण तो कापगत्यांच्या घरचा नव्हता. या घरात काही फेकायची रीत नाही. तनस गुरांना, कोंडा चुलीला, फाटक्या लुगड्याची गोधडी, गोधडी फाटली की तिचं पायपुसणं. जाड प्लास्टिकची, मुठीची, घट्ट झाकणाची डबकी तर यादोरावच्या बायकोला, कुंताबाईला, सोन्याची. राखेनं घासून घासून वास काढायची आणि मग त्याच डबकीनं बांधीवर पाणी जायचं, मोटारपंपाचं डिझेल यायचं, लग्नाघरी ताक वाढायला तीच. शेजारीपाजारी मागून नेत. म्हणून नवी डबकी रिकामी झाली रे झाली की कुंताबाई विळ्याचं टोक चुलीत लाल करायची आणि बुडावर तीन ठिपके आणि एक तिरपी रेघ डागायची. तिच्या पितळी गुंडावर हीच खूण, परातीवर हीच, गंजावर हीच. गावच्या पंगतीत शंभर घरची भांडी एकत्र होतात. खूण असली की वस्तू हिंडून फिरून आपल्या घरी येते, असं तिची माय सांगायची आणि तीही सुनेला तेच सांगायची.

तरी मागची काही वर्षं कुंताबाईच्या डबक्या घटत होत्या. खूण असूनही परत येत नव्हत्या. शेवटी एका सकाळी तिनं कुंपणापाशी उभी राहून गोदावरीबाईला धारेवर धरलं. "माह्या डबक्या गिळून बसली वो तू! लाज तं वाटू दे!" गोदावरीबाईही काही कमी नव्हती. दोघींचं असं जुंपलं की तलावावरच्या बाया धुणं टाकून बघायला आल्या. तेव्हापासून दोन्ही घरांतलं हळदीकुंकू बंद, भाजीची वाटी बंद. आणि यादोराव? यादोराव तेव्हा छपरीत खाटेवर बसून बशीतला चहा फुंकत होता. त्याला डबक्या कुठे जातात ते पक्कं ठाऊक होतं. एक शब्द बोलला नाही.

डबक्या वीरेंद्रकडे जात होत्या. वीरेंद्रचं हायवेला ऑईल-ग्रीसचं दुकान; बापाची पिवळी आणि चंदूची लालही इथूनच आलेली. काचेचं कपाट, एका रांगेत पिवळ्या डबक्या, एका रांगेत लाल, आणि गल्ल्यावर वीरेंद्र, जिभेवर मध. "काका, रिकामी डबकी फेकू नका. मले आणून द्या, ग्रीसचा डबा फुकट घेऊन जा. कंपनीची स्कीम हाये." फुकटचं ग्रीस! चार दाणे सांडले तरी वेचून घेणाऱ्या घरातला माणूस, तो ही स्कीम सोडेल? यादोराव गुपचूप सांदीतून डबकी उचलायचा, कुंताबाईचं लक्ष नसताना केबिनमध्ये टाकायचा आणि वीरेंद्रच्या दुकानी पोचवायचा. झाकण, कागद, सगळं शाबूत. वर शाबासकी घ्यायचा.

दिवाळी झाली. धान खरेदी केंद्रांवर पोत्यांच्या थप्प्या लागल्या. वर्षाची कमाई या हंगामात. चंदू रोज पोती भरून केंद्रावरून राईस मिलला नेत होता. आणि एका दुपारी अड्याळच्या पुढे गाडीतून ठकठक आवाज यायला लागला. ऑईलचा दिवा लागला. चंदूनं गाडी बाजूला घेतली, तोवर इंजिन बसलं होतं.

दुसऱ्या ट्रकात माल चढवला, गाडी ओढत तुलारामकडे आणली. तुलारामनं खालचं चेंबर उघडलं तर आत ऑईल कसलं, काळा गाळ. बेअरिंगं खरवडून निघालेली, क्रँकवर चरे. गॅरेजमध्ये आणखी दोन ड्रायव्हर उभे होते, चहा घेऊन आलेला टपरीवाला होता. यादोराव आला, त्यानं तो गाळ पाहिला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पाजलं ना कोल्ड्रिंक!" तो ओरडला. "घे! पाह्य तुह्या सिंथेटिकचा पराक्रम! माही गाडी मारली यानं! दोन बुकं शिकला तं बापापेक्षा शाहणा झाला लेकाचा!"

"बाबा, मी रोज सकाळी ऑईल पाहत होतो. लेवल बराबर होती. काहीतरी येगळंच —"

"तोंड बंद कर! हंगामात मले रस्त्यावर आणून बसवलं तुनं! आन वरून वकिली करते?"

"यादोराव," तुलाराम म्हणाला, "जरा दम घ्या. ऑईल पातळ असलं म्हणून असा गाळ होत नाही. मले वास येगळाच येऊन राहिला."

पण यादोरावच्या कानात आता काही शिरत नव्हतं. तुलारामच्या पाटावरचा स्क्रू पिळायचा पेचकस त्यानं उचलला, बंपरवर पाय देऊन वर चढला आणि गाडीच्या कपाळावरचं नाव खरडायला लागला. पिवळ्या रंगाचे पोपडे काचेवर पडायला लागले. आधी 'कुमार' गेलं. मग 'चंद्र'. पेचकस पत्र्यावर करकर वाजत होता आणि टपरीवाल्याच्या हातातला चहा तसाच राहिला होता.

"याच्या नावानं गाडी चालवू? थूत!" असं म्हणून तो खाली उतरला.

चंदूनं केबिनमधून आपला गमछा घेतला, चप्पल घातली आणि चालत घरी गेला. दोन-चार दिवसांत बातमी आली : रायपूरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ड्रायव्हरची नोकरी धरली, खोलीही पाहिली, रीनाला घेऊन चालला. रीना भांडी बांधायला लागली. कुंताबाई नवऱ्याला ताट वाढायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. यादोराव मोठमोठ्यानं भिंतीला ऐकवायचा, "जाते तं जाऊ द्या! रायपूरले कोणता मालक याचं सिंथेटिक आयकते पाहू!" रात्री मात्र त्याला झोप लागायची नाही, आणि झोप लागत नाही म्हणून तो आणखी चिडायचा.

बेअरिंगं बदलून इंजिन पुन्हा जोडून व्हायला आठवडा गेला. ऑईल आणायचं काम यादोरावनं स्वतःकडे ठेवलं. त्याच दिवशी दुपारच्या बसनं चंदू आणि रीना निघणार होते. यादोरावनं मुद्दाम तोच दिवस धरला. घरी थांबलो तर निरोप द्यावा लागेल, त्यापेक्षा गॅरेज बरं.

वीरेंद्रनं गल्ल्यावरूनच हात जोडले. "या काका! आयकलं मी. वाईट झालं. मी तं म्हणतच होतो, जुन्या गाडीले साधंच पाहिजे. आजकालचे पोट्टे आयकते कुठे?"

यादोरावला बरं वाटलं. फार बरं वाटलं. पिवळी डबकी खांद्यावर मारून तो छाती काढून गॅरेजमध्ये आला. "टाक तुलाराम. पेज टाक माह्या गाडीले."

तुलारामनं झाकण फिरवलं, आतली चकाकती पन्नी फाडली, डबकी दोन्ही हातांनी उचलली आणि इंजिनाच्या तोंडावर कलती केली. डबकीचं बूड वर झालं, सरळ यादोरावच्या डोळ्यांसमोर.

तीन ठिपके. एक तिरपी रेघ.

"थांब!" यादोराव असा ओरडला की तुलाराम दचकून मागे सरला. दोन थेंब बाहेर सांडले, आत गेलं नाही काही. यादोरावनं डबकी ओढून घेतली, उलटीपालटी केली, अंगठा फिरवला. विळ्यानं डागलेलं प्लास्टिक अंगठ्याला खडबडीत लागलं. ही खूण तो लग्न झाल्यापासून बघत होता. रोज जेवायच्या ताटाखाली होती ती.

"ही माह्या घरची डबकी हाये," तो म्हणाला.

"तुमच्या घरची कशी राहीन? पन्नी तं आता माह्या हातानं फाडली."

तुलारामनं तळहातावर थोडं ऑईल घेतलं, बोटांनी चोळलं, नाकाशी नेलं आणि पचकन थुंकला. "जळकं हाये. गाड्यांतलं निघालेलं काळं ऑईल गाळलं आन रंग मारला. मी काय म्हणत होतो तुमाले? भोक पाडा म्हणत होतो ना?"

यादोराव ऐकायला थांबला नाही. एका हातात डबकी, दुसऱ्या हातात तोच पेचकस, आणि तो हायवेच्या कडेनं तरातरा निघाला. दुकानात समोरून गेला नाही. बाजूच्या बोळातून मागे गेला, टिनाचं दार लाथेनं उघडलं.

मागच्या आंगणात एक ड्रम विटांवर ठेवला होता. ड्रमला एक तोटी. तोटीखाली एक नरसाळं. एक माणूस पाटावर बसून डबक्या भरत होता. त्याच्या डाव्या हाताला पिवळ्या डबक्यांची रांग, उजव्या हाताला लालची. एक पिवळी भरली, झाकण लावलं. मग लाल ओढली, त्याच तोटीखाली धरली.

यादोराव उभाच राहिला. पिवळी भरली, लाल भरली. तीच तोटी. तोच ड्रम. दसऱ्यापासून घरात ज्याच्यावरून जेवण गोड लागलं नव्हतं, ज्याच्यावरून पोराचं नाव त्यानं पेचकसानं खरडलं होतं, ते साधं आणि ते सिंथेटिक त्याच्या डोळ्यांसमोर एकाच नरसाळ्यातून पडत होतं.

वीरेंद्र आवाज ऐकून मागे आला. एक क्षण त्याचा चेहरा उतरला, पण धंदेवाला माणूस. "अरे काका, इकडे कुठे? चला, समोर बसू, चहा —"

"चोरा!" यादोरावचा आवाज फाटला. "माह्या डबकीत जळकं भरून मलेच इकते? माह्या पोराले लाल देते, मले पिवळं देते, अन् दोघाईले एकच मूत पाजते?"

"हळू बोला. लोक आयकते."

"आयकू दे! सप्पा हायवेले आयकू दे!"

मग वीरेंद्रच्या जिभेवरचा मध संपला. "आवाज खाली! डबक्या मी चोरल्या काय? तुमीच आणून देत होते ना? ग्रीसचे डबे कोण घेऊन जात होतं, मी का तुमी? आन इतकी वर्षं गाडी चाललीच ना?"

चोराच्या उलट्या बोंबा! पण बोंब खरी होती, हेच तर जास्त झोंबलं. आयुष्यात पहिल्यांदा यादोरावला शिवी सुचली नाही. मग तो खाली वाकला, लाल डबकी पायाखाली दाबली आणि पेचकस तिच्यात खुपसला. मग पिवळी. मग पुन्हा लाल. भरलेल्या, रिकाम्या, समोर येईल ती. भरणारा माणूस पळाला. वीरेंद्र खांद्याला लोंबकळत होता, "नुकसान भरून द्यावं लागन, सांगून ठेवतो," असं ओरडत होता, आणि यादोराव खुपसतच होता. काळं ऑईल त्याच्या धोतरावर उडालं, पायाखाली पसरलं. रस्त्यावरचे लोक दाराशी जमले. कोणीतरी फोन काढून शूटिंग सुरू केलं. शेवटी दम लागला तेव्हा तो थांबला. खुणेची डबकी तेवढी त्यानं फोडली नाही. ती काखेत मारली आणि घड्याळात न बघताच बसस्टँडकडे पळत सुटला.

साकोलीच्या स्टँडवर रायपूरची बस लागलेली होती. चंदू बसच्या डिकीत सामान ढकलत होता. रीना गाठोडं धरून उभी, तिच्याजवळ डोळे सुजलेली कुंताबाई. तिघांनी पाहिलं : ऑईलनं माखलेला म्हातारा, हातात पेचकस, काखेत डबकी.

"एकच ड्रम हाये!" यादोराव लांबूनच ओरडला, अजूनही भांडण करत असल्यासारखा. "तुहंबी खोटं, माहंबी खोटं! लाल-पिवळं काही नाही, त्या हरामखोरानं एकाच ड्रममधून भरलं! मी डोळ्यानं पाह्यलं!"

चंदूनं डबकीकडे पाहिलं. कुंताबाईनं ती त्याच्या काखेतून काढून घेतली, उलटी केली आणि खुणेवर बोट ठेवलं.

"ही माही हाये," ती म्हणाली. "त्याच्याकडे कशी गेली?"

यादोराव बसच्या टायरकडे बघायला लागला.

"तुमी नेल्या? माह्या सप्पा डबक्या तुमी नेल्या? आन मी गोदीले चोट्टी म्हटलं! चार लोकांत म्हटलं! तुमी तिथंच बसून होते, च्या पेत होते!" आठवडाभराचं तिचं मौन तिथंच सुटलं. "लोकाच्या घरी गेली तं वापस आली पाहिजे म्हणून मी डबकीलेबी खूण करते. आन तुमी? पोराच्या नावाची खूण आपल्या हातानं खरडली. आता तो कोणती खूण पाहून घरी येईन, सांगा ना!"

बसमधल्या बायांनी खिडकीतून माना बाहेर काढल्या होत्या. यादोराव पोराकडे वळला. त्याला माफी मागायची होती, पण ती कशी मागतात ते त्याला येत नव्हतं. म्हणून तो पुन्हा ओरडलाच, "आता तं समजलं ना तुह्या ऑईलची गलती नव्हती? मंग उतरव सामान! कायले चालला आता?"

"मी ऑईलपायी चाललोच नाही, बाबा."

"मंग कायपायी?"

"गाडी बसली तवा तुमी मले, काय झालं गा चंदू, एवढंबी नाही विचारलं." चंदूचा आवाज चढला नव्हता. "आजवर कोणतीच गोष्ट नाही विचारली. पेचकस घेतला आन चढले. सप्पाच्या समोर."

कंडक्टरनं घंटी मारली. रीना सासऱ्याच्या पाया पडली, सासूला मिठी मारली आणि चढली. चंदूही वाकला, बापाच्या ऑईलभरल्या पायांना हात लावला, तोच काळा हात पँटला पुसला आणि बसमध्ये गेला. बस निघाली. यादोराव पेचकस हातात धरून धूर बसेपर्यंत उभा राहिला.

वीरेंद्रविरुद्ध त्यानं ठाण्यात तक्रार दिली. तिथंही हवालदारावर ओरडला. दुकानाला टाळं लागलं, पुढचं पुढे होईल. गावात आल्यावर तो गोदावरीबाईच्या कुंपणापाशी गेला आणि जणू तिचीच चूक असावी अशा आवाजात ओरडला, "डबक्या मी नेल्या होत्या! आयकलं का? मी! कुंतीची काही गलती नाही!" गोदावरीबाई सूप हातात घेऊन बघतच राहिली. संध्याकाळी तिच्या घरून भाजीची वाटी आली.

पण गाडी तशीच उभी होती. मिलवाले फोन करत होते. तुलाराम म्हणाला, "भंडाऱ्याले कंपनीच्या एजन्सीतून आणा, तिथं असलीच भेटते." यादोराव बसनं भंडाऱ्याला गेला. एजन्सीतल्या पोरीनं काउंटरवर दोन डबक्या ठेवल्या, एक पिवळी, एक लाल. "कोणती देऊ, काका?"

यादोरावनं पिवळीकडे बोट नेलं. मग हात मागे घेतला. मग तिच्यावरच वसकला, "थांब ना माय, घाई कायची हाये तुले!" आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. फोन काढला. नंबर लावला. तिकडून चंदूचा आवाज आला, मागे ट्रकांचे हॉर्न वाजत होते.

"हॅलो. कोण?"

"मी हाये." यादोरावनं दारातून काउंटरवरच्या दोन्ही डबक्यांकडे पाहिलं. "चंदू, गाडीत कोणतं ऑईल टाकू गा?"

हॉर्न वाजत राहिले.

"तुलाराम काका काय म्हणते?" चंदूनं शेवटी विचारलं.

"त्याले नाही विचारलं. तुले विचारून राहिलो."

यादोरावनं फोन कानाला इतका दाबला की कान दुखला. त्याला वाटलं फोन कटला. तो ओरडणारच होता, तेवढ्यात आवाज आला, बारीक, जरासा ओला.

"लाल घ्या, बाबा," चंदू म्हणाला. "आन डबकी फोडजा."